रनटाइम कुठला, आगमनाचा की प्रस्थानाचा? डेको प्लॅनरसोबत आठ महिने

वर्गणी संपत आल्याची मेल परवा आली, तेव्हा लक्षात आलं की या डेको प्लॅनरला, म्हणजे खोल डाइव्हवरून वर येताना कुठे किती मिनिटं थांबायचं ते काढून देणाऱ्या अ‍ॅपला, आठ महिने झाले. सव्वीस डाइव्ह, त्यातल्या अकरा हेलियम मिसळलेल्या गॅसवरच्या, आणि ग्राहकसेवेशी चौदा ईमेल. नाव घेत नाही, कारण भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. फोन, टॅब, लॅपटॉप तिन्हीवर चालतो, थांबे काढायची ब्यूलमान आणि व्हीपीएम ही दोन्ही गणितं आहेत, पैसे दरवर्षी मोजायचे. बाकी तपशील वापरणाऱ्यांना माहीतच आहेत.

मी मूळचा ठाण्याचा, नोकरीमुळे माल्टात. पाण्याखालचा पहिला श्वास तारकर्लीला, एमटीडीसीच्या केंद्रात घेतला. तिथे ‘डेको’ हा शब्द फक्त काय करायचं नाही या यादीत होता. इथे आल्यावर दोन वर्षं उम्म एल फरूद या बुडालेल्या जहाजाच्या ३६ मीटरवर समाधान मानलं, मग एचएमएस स्टबर्नने घोळ केला. ही ब्रिटिश पाणबुडी १९४६ मध्ये सोनारच्या सरावासाठी मुद्दाम बुडवलेली, सुमारे ५७ मीटरवर अख्खी बसली आहे. तिच्यापायी ट्रायमिक्सचा, म्हणजे ऑक्सिजन, हेलियम आणि नायट्रोजनच्या मिश्रणावर डाइव्ह करण्याचा कोर्स आला, आणि कोर्सपायी हा प्लॅनर.

आधी ज्यासाठी पैसे वसूल झाले ते सांगतो. गॅस मिश्रणाचं पान. माझ्या जुळ्या बारा लिटरच्या बाटल्या २०० बारला ४८०० लिटर धरतात. १८/४५, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन आणि ४५ टक्के हेलियम, भरायचं तर त्यात २१६० लिटर हेलियम, म्हणजे आमच्या घरचा आठवड्याचा किराणा. डाइव्हनंतर साधारण ९० बार उरतात आणि त्यातही ४५ टक्के हेलियम असतंच. पूर्वी मी ते उरलेलं सोडून देऊन नव्याने भरून घ्यायचो. आता लिहून हसू येतंय, पण तेव्हा हिशेबाची भीती वाटायची. हा प्लॅनर उरलेल्या गॅसवर किती हेलियम, किती ऑक्सिजन आणि वर किती हवा ते सांगतो. शिवाय नुसतं त्रैराशिक मांडत नाही. जास्त दाबाला हेलियम त्रैराशिकाला जुमानत नाही, ठरलेल्या दाबाला अपेक्षेपेक्षा कमीच भरतं. ते तो धरून चालतो. भरल्यावर अ‍ॅनलायझर लावला की टक्का, फार तर दीड टक्का इकडे तिकडे. पहिल्या चार डाइव्हमध्येच वर्षाची वर्गणी निघाली. बायकोला हा हिशेब दाखवला, तर ती म्हणाली, “डाइव्हच नाही केलीस तर अजून वाचतील.”

आता ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे वर येताना किती सावध राहायचं ते ठरवणारे दोन आकडे: पहिला लहान तितका पहिला थांबा खोल, दुसरा लहान तितकं शेवटचं थांबणं लांब. प्लॅनर पहिल्यांदा उघडला तेव्हा तो ५०/८० वर लावलेला होता. मी उखडलो. माझ्या प्रशिक्षकाने २०/८० घोकून घेतलं होतं, पहिला थांबा खोल घ्यायचा, अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे तिथेच दाबायचे. दुसऱ्या महिन्यात अर्धवट लिहून ठेवलेल्या अनुभवात ‘निष्काळजी सेटिंग, दोन तारे’ असं मीच लिहिलंय. ते मागे घेतो. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डाइव्हिंग केंद्राचा २०११ चा अहवाल नंतर सावकाश वाचला. १७० फूट, ३० मिनिटं, हवेवर, थांबण्याचा एकूण वेळ दोन्हीकडे सारखाच. फरक एवढाच की एका गटाचे थांबे खोल आणि दुसऱ्याचे उथळ. खोल थांब्यांच्या १९८ डाइव्हमध्ये १० जणांना डेको आजार, म्हणजे त्या बुडबुड्यांचा आजार, झाला, उथळच्या १९२ मध्ये ३ जणांना. चाचणी मध्येच थांबवावी लागली. खोलवर रेंगाळताना जलद, भरपूर रक्त मिळणाऱ्या ऊतींमधून नायट्रोजन सुटतो खरा, पण मंद ऊतींमध्ये तेवढ्या वेळात तो भरतच राहतो. हवेवरचा निकाल ट्रायमिक्सला जसाच्या तसा लागू होत नाही हे मान्य, तरी माझं २०/८० गेलं. आता ५०/७५ वर आहे. म्हणजे प्लॅनरचं बरोबर होतं, मीच हट्टाला पेटलो होतो.

दुसरा हट्ट मात्र सोडणार नाही. रनटाइमचा, म्हणजे डाइव्ह सुरू झाल्यापासूनच्या मिनिटांचा रकाना.

ठाणे स्टेशनवर वाढलेल्या माणसाला हे लगेच कळेल. वेळापत्रकात गाडीपुढे दोन वेळा असतात, आगमन आणि प्रस्थान. एकच छापली तर ती कुठली हे कळायला हवं, नाहीतर माणूस गाडी सुटल्यावर डबा शोधत येतो. प्लॅनमध्ये प्रत्येक थांब्यापुढे रनटाइमचा एकच आकडा असतो. या प्लॅनरमध्ये तो प्रस्थानाचा होता, म्हणजे त्या मिनिटाला तो थांबा सोडायचा. पाचव्या महिन्यात अपडेट आलं आणि तोच रकाना गुपचूप आगमनाचा झाला. रकान्याच्या डोक्यावर शब्द तोच, रनटाइम.

आमचा प्लॅन होता ५७ मीटर, २० मिनिटं. मी मनगटावरच्या पाटीवर फक्त खोली आणि रनटाइम उतरवतो, थांब्याची मिनिटं लिहीत नाही. गर्दी नको म्हणून. ही चूक माझी, कबूल. माझ्या पाटीवर होतं: २४ ला २४, २१ ला २५, १८ ला २७, १५ ला २८, १२ ला ३०, ९ ला ३३, ६ ला ३८. बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या माझ्या जोडीदाराने, टॅब अपडेट केला नव्हता. त्याच्याकडे २५, २७, २८, ३०, ३३, ३८ आणि शेवटी ५३.

२४ मीटरला पोहोचलो तेव्हा घड्याळात बरोबर २४. पाटी म्हणते निघा, मी निघालो. बडी क्षणभर मागे राहिला, मग आला. २१ ला पोहोचलो, घड्याळात २५, पाटीवरही २५. म्हणजे इथूनही लगेच निघायचं? पण इथेच तर पन्नास टक्के नायट्रॉक्सवर, म्हणजे निम्मा ऑक्सिजन असलेल्या गॅसवर, जायचं होतं. उजव्या हातात नवा रेग्युलेटर, अजून तोंडातही गेला नव्हता, आणि पाटीनुसार माझा वेळ संपला होता. गॅस बदलायला शून्य मिनिटं! १८/४५ वर ५७ मीटरला नशा २७ मीटरइतकीच चढते आणि २१ मीटरला तीही उरत नाही, तरी मेंदू दोन श्वास नुसता त्या आकड्याकडे बघत राहिला. मी अंगठा वर केला, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. बडीने तळहात माझ्या मास्कसमोर आडवा धरला आणि दुसऱ्या हाताने माझ्या मनगटावरच्या शिअरवॉटर या डाइव्ह कॉम्प्युटरवर बोट ठेवलं. २१ मीटर, २ मिनिटं. पुढचं सगळं कॉम्प्युटरवर केलं, ६ मीटरला ऑक्सिजनवर पंधरा मिनिटं लोंबकळत. पाटीचं ऐकलं असतं तर ३८ व्या मिनिटाला, म्हणजे ती पंधरा मिनिटं न घेताच, बोटीवर चढलो असतो. कॉम्प्युटरने ओरडून अडवलं असतं हे खरं, पण पाटी बाळगायची ती कॉम्प्युटर बंद पडला तर म्हणूनच ना?

ईमेलला पहिलं उत्तर, ‘आमच्या रचनेनुसार योग्य आहे.’ दुसरं, ‘मार्गदर्शिका पाहावी.’ पाहिली. त्यात जुन्याच आवृत्तीचं चित्र होतं आणि त्यातला रकाना प्रस्थानाचा. ते चित्र गोल करून परत पाठवलं. तिसऱ्या उत्तरात मला प्रगत प्रशिक्षण घ्यायचा सल्ला मिळाला. उरलेल्या वर्गणीचे पैसे मागितले, ते नियमात बसेना. मी तुमचं अल्गोरिदम बदला म्हणत नव्हतो. रकान्याच्या डोक्यावर एक शब्द वाढवा, एवढंच.

रागाच्या भरात सबसरफेस हे डाइव्ह नोंदींचं आणि प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर उतरवलं. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने २०११ मध्ये सुरू केलेलं, फुकट. त्यात प्लॅन कोष्टकाऐवजी सरळ वाक्यांत मागता येतो: अमुक मीटरवर अमुक मिनिटं थांबा, अमुक गॅसवर, रनटाइम इतका. शंकेला जागाच नाही. फुकटच्या वस्तूला हे सुचतं! तेव्हापासून प्रत्येक प्लॅन दोन्हीकडे काढतो. थांबे मिनिटभर इकडे तिकडे, बाकी जुळतं.

इतकं लिहून दोन दिवस ठेवलं होतं, तेवढ्यात नवं अपडेट आलं. रकान्यावर आता ‘थांबा सोडण्याची वेळ’ अशा अर्थाचं नाव आहे आणि आकडेही परत प्रस्थानाचे झालेत. बदलांच्या यादीत त्याचा उल्लेख काय, तर ‘किरकोळ सुधारणा’. मला ईमेल नाही, माफी नाही. तरी दोनाचे साडेतीन तारे करतो. वर्गणी भरेन बहुधा, पण मिश्रणाच्या पानासाठी, आणि तीही सवलत लागेल तेव्हा.

पाटीवर रनटाइमच्या डोक्यावर मी आता न पुसणाऱ्या पेनाने ‘प्र.’ लिहून ठेवलंय. बडी माल्टीज, त्याला देवनागरी वाचता येत नाही. पण मागच्या रविवारी बघितलं तर त्याच्याही पाटीवर तेच अक्षर, टिंबासकट, चित्र काढावं तसं काढलेलं.