जुनी रेसिंग सायकल घेताय? आधी सीटपोस्ट बाहेर काढून बघा

भाच्यासाठी घेतलेल्या जुन्या कार्बन रेसिंग सायकलच्या फ्रेममध्ये मोटर निघाली. आम्ही १ लाख १० हजार रुपये मोजले होते. दुकानदाराचं नाव इथं लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण कोल्हापुरात सायकलिंग करणारी पोरं आता खूप झालीत आणि त्यातली बरीचशी जुन्याच सायकली शोधतात, म्हणून हे सगळं सांगतोय.

ट्रायलसाठी भाच्यानं सायकल वाघबीळच्या चढाला घातली. दुकानातला पोरगा सोबत होता. "चढाला हात खाली ड्रॉपवरच ठेव," असं तो सारखं सांगत होता. ड्रॉप म्हणजे हँडलचा खाली वळलेला भाग. भाचा वर पोचला तो नुसता खूश. "मामा, काय पळतीया सायकल!" पुढे हीच सायकल पन्हाळ्याला जाताना दगडासारखी जड वाटायला लागली. दुकानदार म्हणाला, पोराचा सराव कमी पडतोय. पोराच्या मेहनतीवर ढकललेलं हे खोटं मला पैशापेक्षा जास्त लागलं.

शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी आधी सायकल लगेजच्या काट्याला अडकवली. कंपनीच्या माहितीपत्रकातल्या वजनापेक्षा ती जवळजवळ दोन किलो जास्त भरली. मग सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते तो, काढून आत टॉर्च मारला. "काका, ह्यात कायतरी हाय बघा." सीटखालच्या नळीत एक लांबट धातूचा दंडगोल होता आणि वर वायर. क्रँक, म्हणजे पॅडल ज्याला जोडलेलं असतं तो भाग, उतरवल्यावर त्याच्या दांड्याला दातेरी चक्र दिसलं. मोटर तिथूनच पायांना जोर देते. बटण निघालं हँडलबारच्या टेपखाली, ड्रॉपवर हात ठेवला की बोट पडेल तिथंच. बॅटरी उतरली होती आणि चार्जर आम्हाला कधी दिलाच नव्हता.

अशा मोटरी बाजारात मिळतात. व्हिवॅक्स असिस्ट नावाचा ऑस्ट्रियन संच साधारण २०० वॅटचा जोर द्यायचा आणि बॅटरीसकट त्याचं वजन दोन किलोच्या आत असायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसानं मोटरच्या सायकलवरून जोतिबाचा डोंगर चढावा, माझी काहीच हरकत नाही. पण मोटर लपवून ती रेसिंग सायकल म्हणून एका खेळाडूला विकायची?

यात पोराचं करिअर जाऊ शकतं. जानेवारी २०१६ मध्ये बेल्जियममधल्या झोल्डरला सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखलमातीतल्या सायकल शर्यतीची, जागतिक स्पर्धा होती. तिथं १९ वर्षांच्या फेमके व्हान डेन द्रीशच्या सायकलमध्ये मोटर सापडली, तीही पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत सायकल बदलायच्या जागी, ठेवलेल्या जादा सायकलमध्ये. सायकल मित्राची आहे, असं ती म्हणाली. तरीही तिला ६ वर्षांची बंदी आणि २०,००० स्विस फ्रँक दंड झाला. मोटर वापरली की नाही याला महत्त्व नाही, सायकलमध्ये सापडली की संपलं. आमचा भाचा ही सायकल घेऊन स्पर्धेला उतरला असता तर त्याचं कोण ऐकणार होतं?

अशा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तपासनीस चुंबकीय क्षेत्र ओळखणारा टॅबलेट फ्रेमवरून फिरवतात, २०१८ पासून क्ष-किरण यंत्रही आलं. आपल्याकडं ते नाही, पण काटा, टॉर्च आणि पाना आहे. मागचं चाक उचलून हँडलबारची टेप सगळीकडं दाबून बघा, क्रँक आपोआप फिरला तर विषय तिथंच संपला. बॅटरी उतरली असेल तर मात्र हे कळत नाही, म्हणून सीटपोस्ट काढायलाच लावा. दुकानदार "कार्बन आहे, चिरेल" म्हणाला तर तुमचा मिस्त्री सोबत न्या. चढाची ट्रायल लांबची घ्या आणि खाली आल्यावर सीटच्या नळीला तळाशी हात लावा, मोटर चालली असेल तर तिथं ऊब लागू शकते. काही जण बॅटरी पाण्याच्या बाटलीत किंवा सीटखालच्या पिशवीत ठेवतात, तेही उघडा.

बिलावर फ्रेम नंबर आणि "मोटर नाही" एवढं लिहून सही घ्या. आम्ही साधं बिल घेतलं होतं, तेही आता उपयोगी पडतंय. मोटर सापडलीच तर काढून फेकू नका. सीटपोस्ट काढण्यापासून व्हिडिओ करा आणि मिस्त्रींकडून लेखी घ्या. दुकानातून घेतली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जाता येतं. फसवणुकीची फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होते. आम्ही दोन्हीकडं अर्ज दिलेत.