फ्रेम, पाकीट की चवथीची सुट्टी?

गोव्यात मांद्रेला गेस्टहाऊस चालवणाऱ्या एका मित्राने परवा फोन केला, सीझन तोंडावर आलाय, २२ माणसं आहेत, पोरं टिकायला हवीत, तर 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' सुरू करू की मार्च संपल्यावर प्रत्येकाच्या हातात पाकीट देऊ? मी हॉटेल लाईनमध्ये बरीच वर्षं काढलीत, दोन्ही बघितलंय, म्हणून त्याला जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक गोष्ट बाजूला काढूया. २० किंवा जास्त माणसं असली की बोनस हा कायद्याचा विषय होतो. पगाराच्या मर्यादेत बसणाऱ्या आणि वर्षात निदान ३० दिवस काम केलेल्या माणसाला किमान ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के. हा त्यांचा हक्क आहे, तो पाकिटात घालून पात्रांव (मालक) खूश झाला म्हणून दिला असं दाखवलंस तर पोरं मागे हसतील, त्यांना सगळं माहीत असतं.

आता फ्रेम, म्हणजे 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चा भिंतीवरचा फोटो. मी जिथे होतो तिथे स्टाफ कँटीनच्या दारात फोटो लागायचा. लागायचा कोणाचा, तर रिसेप्शनच्या नाहीतर रेस्टॉरंटच्या कॅप्टनचा, कारण पाहुणे रिव्ह्यूमध्ये त्यांचीच नावं लिहितात. दिवसाला १४ खोल्या करणाऱ्या हाऊसकीपिंगच्या बाईचं नाव पाहुण्याला कुठून माहीत असणार? आणि भांडी घासणारा तर कोणाला दिसतच नाही. त्यात डिसेंबरचा फोटो एप्रिलपर्यंत तसाच, वरची टेप पिवळी पडलेली, तेव्हाच सगळ्यांना कळलं की मॅनेजमेंटचा इंटरेस्ट संपला. खर्च जवळपास शून्य हे खरं, पण २२ माणसांत एकाला निवडलं की २१ जणांना 'आपण का नाही' हा प्रश्न पडतो.

हजेरीवर बक्षीस ठेवू म्हणशील तर तेही जपून. अमेरिकेत औद्योगिक लाँड्रीमधल्या कामगारांवर अभ्यास झालाय, २०१६ साली छापून आला. महिनाभर वेळेवर येणाऱ्यांना बक्षीस सुरू केलं तर लोकांनी पळवाटा शोधल्या, एकदा लेटमार्क पडून महिना हातचा गेला की पुढे बिनधास्त उशिरा, आणि जे आधीपासून न सांगता वेळेवर येत होते त्यांचंच काम मंदावलं. मला याचं अजिबात नवल वाटलं नाही.

पाकिटाचा फायदा सरळ आहे, पैसे सगळ्यांनाच लागतात, घरचं भाडं काय फोटोने भरत नाही. पण सवय लवकर लागते, आणि पुढच्या वर्षी धंदा बसला नि पाचशे कमी दिले तर तो पगारकपातीसारखा लागतो. इस्रायलमध्ये इंटेलच्या चिप कारखान्यात एक प्रयोग झाला होता, कोणाला रोख, कोणाला पिझ्झा, कोणाला साहेबाच्या शाबासकीचा मेसेज. पहिल्या दिवशी तिन्ही गटांचं काम वाढलं, दुसऱ्या दिवशी मात्र रोखवाले, ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं त्यांच्यापेक्षाही सुमारे १३ टक्क्यांनी मागे. रोख द्यायचीच तर आधी जाहीर न करता, काम झाल्याच्या त्याच आठवड्यात, आणि कशासाठी ते सांगून दे. आणि रोख पगारात धरून टॅक्स लागतो, अकाउंटंटला विचारून घे.

मला विचारशील तर सगळ्यात जास्त चालते ती सुट्टी. आपल्या पेडणे-डिचोलीच्या पोरांना चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-भाज्यांची आरास) बांधायला मिळणं यासारखं काही नाही, आणि तुझं नशीब असं की चवथ पावसाळ्यात येते, खोल्या तशाही रिकाम्या. पाच दिवस भरपगारी दिलेस तरी तुझं फार काही जात नाही. खरी अडचण आहे बाहेरून आलेल्यांची. ओडिशा, झारखंडच्या पोरांची दिवाळी-छठ ऐन सीझनला येते. त्यांना तेव्हा सोडता येत नसेल तर सीझन संपल्यावर मडगावहून घरचं जाऊन-येऊन रेल्वे तिकीट काढून दे, कन्फर्म, वेटिंगचं नाही. परतीचं तिकीट हातात असलेला पोरगा बहुतेक परत येतो.

बाकी रोजचं कौतुक फुकट आहे, पण 'गुड जॉब टीम' असं ग्रुपवर टाकू नकोस. रात्री पंप बंद पडला तेव्हा ज्याने बादल्यांनी पाणी वर नेलं त्याला सकाळी सगळ्यांसमोर नाव घेऊन सांग की तुझ्यामुळे चार खोल्यांचे पाहुणे थांबले.

तुझ्याकडे मी फ्रेम लावणार नाही. चवथीचा रोस्टर मात्र जुलैतच भिंतीवर लाव, ऐनवेळी कोणाची सुट्टी कापलीस तर वरचं सगळं विसर.