बोअरमधून जॉब धरणारे क्लॅम्प : आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये अॅल्युमिनियमचा एक छोटा जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, नेहमी चालतो. 22 बाय 22 मिलिमीटर, जाडी 14, मध्ये 12 चा बोअर, म्हणजे रीमर मारून एच7 या काटेकोर मापात आणलेलं भोक. बाहेरचं प्रत्येक माप त्या बोअरवरून तपासलं जातं. दोन वर्षं आम्ही तो व्हाइसमध्ये सॉफ्ट जॉ (जॉबच्या आकाराला कापून घेतलेले मऊ जबडे) लावून दोन सेटिंगमध्ये, म्हणजे दोनदा धरून, केला. जॉब उलटा धरला की दोन्ही कटांच्या जोडावर तीस-चाळीस मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) पायरी यायचीच, आणि मग ती रेघ हाताने घासत बसायचं. साधा मॅन्ड्रेल (बोअरमध्ये जाणारा दांडा) करून वरून नटही लावून पाहिला, पण वॉशर वरच्या फेसवर बसतो आणि तिथला चॅम्फर (तिरकी कापायची कड) राहून जातो.

शेवटी आतून फुगणारे बारा क्लॅम्प मागवले. उभ्या चिरा पाडलेला स्टीलचा खुंट आणि मध्ये निमुळत्या डोक्याचा स्क्रू. अॅलन की फिरवली की टेपर खाली उतरतो, फाका बाहेर ढकलल्या जातात आणि जॉब आतून घट्ट बसतो. वरचा फेस आणि चारी बाजू मोकळ्या राहतात.

क्लॅम्प आले त्या दिवशी शेजारच्या शॉपमधल्या एकाने फाइल (कानस) लावून पाहिली. म्हणाला, "दादा, हे तर मऊ आहे, हार्डनच केलेलं नाही." पण खरा फायदा त्या मऊपणातच आहे. बारा क्लॅम्प प्लेटवर कसले, प्लेट व्हीएमसीच्या (उभ्या सीएनसी मिलिंग मशीनच्या) टेबलवर डायल गेज लावून सरळ बसवली, प्रत्येक स्क्रू हलका ताणून ठेवला आणि एंड मिल या कटरने खुंट जागेवरच 11.95 ला उतरवले. त्यामुळे प्रत्येक खुंटाचं सेंटर आपल्याच मशीनने ठरवलेलं असतं, प्लेटला भोकं पाडताना झालेली चूक त्यात उरत नाही. खाली जॉबपेक्षा लहान खांदा ठेवला, म्हणजे कटर जॉबच्या तळाखाली अर्धा मिलिमीटर उतरतो. जोडाची रेघ गेली ती गेलीच. बोअर आणि खालचा फेस मात्र आधी लेथवर एकाच सेटिंगमध्ये व्हायला हवेत, नाहीतर जॉब वाकडाच बसणार.

आता जिथे हात पोळले ते. याच प्लेटवर आम्ही एक रिंग लावली, बोअर 12, ओडी (बाहेरचा व्यास) 16, म्हणजे भिंत फक्त 2 मिलिमीटर. मशीनवर ओडी गोल लागली, जॉब काढला आणि मायक्रोमीटर फिरवला तर पंचवीस मायक्रॉनचा फरक. फाका जिथे दाबतात तिथे भिंत फुगते, फुगलेला भाग कटर कापून टाकतो, आणि स्क्रू सोडला की तीच जागा आत जाते. पहिले चाळीस नग भंगारात गेले. तेव्हापासून टॉर्क स्क्रूड्रायव्हरशिवाय कोणी हात लावायचा नाही. रिंगसाठी तीन न्यूटन-मीटरवरून दीडवर आलो, फिनिश कट (शेवटचा हलका कट) दोन शतांश मिलिमीटरचा ठेवला, आणि माल पास होऊ लागला.

दुसरी गोष्ट, हे क्लॅम्प जॉबला खाली ओढत नाहीत, फक्त बाजूला दाबतात. म्हणून स्क्रू आवळताना अंगठ्याने जॉब खांद्यावर दाबून धरायला लागतो. आमचे काका प्रत्येक जॉब बसवल्यावर नायलॉनच्या हातोडीने एक टपली मारतात, तेव्हापासून जाडीची तक्रार आली नाही. बोअरच्या तोंडाशी बर (कापताना वर आलेली धार) राहिली असेल तरी जॉब तिरका बसतो.

चिरांमध्ये बारीक चिप (धातूचा कीस) जाते, आणि एक चिप अडकली की स्क्रू सोडूनही फाका पूर्ण मिटत नाहीत. दर लोडला एअर मारतो, आणि शनिवारी सगळे स्क्रू काढून टेपरला ग्रीस लावतो. हा वेळ हिशेबात धरा.

किंमत बोचते, एका क्लॅम्पच्या पैशात चांगली कार्बाइड एंड मिल आली असती. पण बोअर पक्का असेल, बाहेरचं काम हलकं असेल आणि माल पुन्हा पुन्हा येणार असेल, तर घ्या. स्टीलच्या जॉबला मोठं रफिंग (सुरुवातीचे जाड कट) मारायचं असेल तर घेऊ नका, 12 च्या बोअरमधला स्क्रू तेवढी पकड देत नाही. रफिंग आम्ही व्हाइसमध्येच करतो. घासलेले खुंट टाकूही नका. आमचे चार आता 9.95 ला उतरवलेत, 10 च्या बोअरच्या जॉबसाठी ते अजून चालू आहेत.