रोजची पॅन्टोप्राझोल, लागेल तशी फॅमोटिडीन की नुसतं अँटासिड?

छातीतली जळजळ किती वेळा होते, ते आधी बघा. गोळीचं नाव नंतर.

महिन्यातून एकदोनदा, मिसळ किंवा लग्नातलं जेवण बाधलं म्हणून छातीत जळजळत असेल, तर डायजिन-जेल्युसिलसारखं अँटासिड पुरतं. पोटात तयार झालेलं आम्ल ते तिथल्या तिथे शमवतं. काही मिनिटांत आराम पडतो, थोड्या वेळाने असर ओसरतो. इनोच्या पुडीत मात्र सोडियम भरपूर असतं. बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तिची सवय लावू नये.

फॅमोटिडीनला, म्हणजे पोटात आम्ल कमी बनू देणाऱ्या गोळीला, आपल्याकडे उगाच मागे टाकलंय, असं मला वाटतं. तासाभरात लागू पडते, दहा-बारा तास टिकते. ऐरोली-महापेच्या नाइट शिफ्टला अवेळी जेवून आडवं होणाऱ्यांना कधीमधी जळजळत असेल, तर ही बरी. रोज घेतली तर दोनेक आठवड्यांत तिचा जोर कमी होतो आणि किडनी कमजोर असेल तर डोस घटवावा लागतो. हिच्याच कुळातली रॅनिटिडीन अमेरिकेत २०२० साली बाजारातून काढायला लावली, कारण तिच्यात कॅन्सरचा धोका वाढवू शकणारं एनडीएमए सापडलं. फॅमोटिडीनच्या तपासणीत ते आढळलं नाही.

आता पॅन्टोप्राझोल, म्हणजे मेडिकलमध्ये 'पॅनची पट्टी द्या' म्हणून मागतात ती. आम्ल बनवणारे पंपच ती बंद करते, म्हणून अल्सर किंवा आठवड्यातून अनेकदा होणाऱ्या जळजळीवर तिच्याइतकं काम बाकीची दोन करत नाहीत. पण हे पंप जेवणाने जागे होतात. गोळी नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी हवी. ठाण्याहून सकाळची लोकल पकडायच्या घाईत सातला गोळी गिळायची आणि डबा ऑफिसात अकराला उघडायचा, असं अनेकांचं चालतं. मग 'गोळी लागू पडत नाही' म्हणून डोस वाढतो. पूर्ण असर यायलाही तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे दुखेल तेव्हा एक, अशी ती घ्यायची नाही.

बहुतेकांना चार ते आठ आठवडे पुरतात. वर्षानुवर्षं चालू राहिली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम घटू शकतं, हाड मोडण्याचा आणि आतड्यांच्या संसर्गाचा धोका थोडा वाढतो, क्वचित किडनीला सूज येते. शाकाहारी माणूस, त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-१२ तपासून घ्याच. एकदम बंद केली की आम्ल उसळी मारतं. म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडा. मात्र रक्त पातळ करणाऱ्या किंवा रोजच्या पेनकिलरसोबत पोटाच्या बचावासाठी दिली असेल, तर भीतीपोटी मनाने सोडू नका. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी पॅन्टोप्राझोलच्याच कुळातली ओमेप्राझोल टाळावी, पॅन्टोप्राझोल चालते.

पट्टीवर नावापुढे 'डी' असेल, तर आत डॉम्पेरिडोन हे मळमळ-उलटीचं औषधही आहे. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये ते साधारण आठवड्याच्या वर न देण्याचा सल्ला दिला. नुसत्या जळजळीला त्याची गरजच नसते.

शौच काळी होणं, वजन उतरणं, घास अडकणं, रक्ताची उलटी, यांत यातलं कुठलंच औषध घेऊन थांबू नका, डॉक्टर गाठा. छाती दाबल्यासारखी वाटतेय, घाम फुटलाय, हात किंवा जबडा दुखतोय, तर पित्त समजून वाट न बघता कळवा असो की वाशी, जवळच्या हॉस्पिटलात जाऊन लगेच ईसीजी काढून घ्या.