कोकणच्या पावसात पेगन टॅरो: सात महिन्यांनंतर

आज सकाळी एकमेकांना चिकटलेली दोन कार्डं सोडवताना चंद्राचा अर्धा चेहरा सोलून निघाला. म्हणून हे लिहितेय.

मार्चमध्ये चौदाशे रुपये देऊन टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, संच घेतला. ७८ कार्डं, २२ मेजर (मुख्य) आणि ५६ मायनर (दुय्यम). रचना १९०९ च्या रायडर-वेट या प्रसिद्ध टॅरो संचासारखीच, चित्रं मात्र पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या युरोपातल्या देवांची. डेव्हिलच्या (सैतानाच्या) कार्डाच्या जागी केर्नुन्नोस हा शिंगांचा रानदेव आहे. तो मला परका वाटला नाही. आरवलीच्या वेतोबाला चपला वाहणारी आमची माणसं, रानातले नि वेशीवरचे देव आम्हाला नवे नाहीत. रोज सकाळी एक कार्ड काढायचं आणि वहीत चार ओळी लिहायच्या, असे दोन महिने छान गेले.

मग मृगाचा पाऊस लागला. वेंगुर्ल्यात आमच्या घरापासून समुद्र पाच मिनिटांवर. जुलैत अख्खी गड्डी धनुष्यासारखी वाकली. पिसायला घेतली की कार्डं जोडीजोडीने यायची, सोनेरी कडांचा मुलामा बोटांना लागायचा. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा थर आहे, पण कापलेल्या कडा उघड्याच, ओल तिथूनच कागदात शिरते. तांदळाच्या डब्यात ठेवली, सिलिका जेलच्या पुड्या घातल्या, वर पाटा ठेवला. चार दिवस सरळ, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

विक्रेत्याने आधी खोका उघडतानाचा व्हिडिओ मागितला, मग मुदत संपल्याचं कळवलं, शेवटी 'कोरड्या जागी ठेवा' म्हणाला. मला फार राग आला. चौदाशे रुपये आमच्या घरात थोडे नाहीत. दमट हवेत कार्डं टिकत नसतील, तर ते विकतानाच सांगायला हवं होतं. इथून तासाभरावर सावंतवाडीला गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुने पत्ते, बनवतात. दशावतारी गंजिफाची १२० पानं, दहा रंगांत बारा-बारा, आणि रंगावर लाखेचा थर. आमच्याच हवेत ही कला वाढली. मग छापखान्यातल्या महागड्या कार्डांना एक पावसाळा का झेपू नये?

चित्रांबद्दलचं मत मात्र बदललं. आधी त्यांचं ऋतुचक्र मला निरुपयोगी वाटायचं. १ ऑगस्टच्या लूनासा या सुगीच्या सणाला तिकडे पहिलं धान्य कापतात, आमची तेव्हा नुकती लावणी उरकलेली असते. डिसेंबरातल्या यूलच्या सणाला तिकडे बर्फ, इकडे आंब्याला मोहोर. पण पितृपक्षात, बाबांचं पान वाढलं त्या दिवशी, डेथच्या (मृत्यूच्या) जागचं साउइनचं कार्ड आलं. साउइन म्हणजे तिकडचा गेलेल्यांच्या आठवणीचा सण. दारात दिवा आणि गेलेल्या माणसांसाठी वाढलेलं ताट. मी तिथेच रडले. त्या दिवशी वहीत चार ओळींची चार पानं झाली.

काकी म्हणाली, "कौल घेवचो तर देवळात जा गो, ह्या कागदाक काय इचारतंस?" तिला सांगितलं, कौल हो की नाही ते सांगतो, हे कार्ड मला बाबांबद्दल लिहायला बसवतं. ती काही बोलली नाही. ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

असा संच घ्यायचाच असेल तर सोनेरी कडांचा घेऊ नका. दिवाळीनंतर घ्या, आणि पहिल्या दिवसापासून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. साउइनचं कार्ड मी गड्डीतून काढून बाबांच्या फोटोमागे ठेवलंय. ते अजून सरळ आहे.