फूटस्टूल, उशी की ए-फ्रेम? रत्नागिरीच्या दमट हवेत पावसाळाभर वापरल्यावर

क्लासिकल गिटार बसून वाजवताना ती नीट धरता यावी म्हणून मुख्यतः तीन प्रकारचे आधार मिळतात. डाव्या पायाखाली घ्यायचं फूटस्टूल, मांडी आणि गिटार यांच्यामध्ये ठेवायची उशी आणि गिटारच्या बाजूला सक्शन कपांनी चिकटणारी ए-फ्रेम. तिन्ही रत्नागिरीत उन्हाळा आणि अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर हे लिहितोय. पाठ आणि कंबर यांची चर्चा सगळीकडे होते, व्हायलाही हवी. पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने त्याआधी एक पाहावं: हा आधार गिटारला कशाच्या जोरावर धरतो, आणि जून ते सप्टेंबर तो जोर टिकतो का?

आधी खुर्ची. प्लास्टिकची मोल्डेड खुर्ची बाद, कारण तिची बैठक मागे उतरती असते आणि हात गिटारच्या आड येतात. बिनहाताची, सपाट बैठकीची लाकडी खुर्ची घ्या. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकून मांड्या आडव्या राहिल्या पाहिजेत, आणि बसायचं पुढच्या अर्ध्या भागावर. बैठक मागे झुकत असेल तर मागच्या कडेला सतरंजीची घडी घाला. खुर्ची उंच असेल तर मांडी गुडघ्याकडे उतरती होते आणि महागातला महाग आधारही पुढे घसरत राहतो.

मग तपासणी. गिटार डावी मांडी, उजव्या मांडीची आतली बाजू, छाती आणि उजव्या हाताचा कोपराखालचा भाग या चार ठिकाणी टेकते. डावा हात पूर्ण सोडून द्या. गिटारची मान खाली आली नाही आणि हेडस्टॉक, म्हणजे मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, साधारण डोळ्यांच्या उंचीला राहिला, तर आधार बरोबर. मान सावरायला डावा अंगठा लागत असेल तर बारे, म्हणजे एकाच बोटाने अनेक तारा दाबून, वाजवताना मनगट दुखणारच.

फूटस्टूलची पद्धत स्पॅनिश गिटारवादक तार्रेगा (1852–1909) यांच्या काळापासून रुळलेली आहे. गिटारला काहीच चिकटत नाही, त्यामुळे कुठल्याही पॉलिशला धोका नाही. त्रास शरीराला होतो. एकच पाय वर गेल्याने कमरेचं हाड डावीकडून मागे कलतं, पाठीचा नैसर्गिक बाक जातो, आणि तासाभराच्या रियाजानंतर कंबर डाव्या बाजूला धरते. म्हणून सर्वात खालच्या खाचेपासून सुरुवात करा, साधारण 10 सेंटिमीटर, आणि मान खरंच खाली राहत असेल तरच एक खाच वर जा. लोखंडी घडीचं स्टूल आपल्याकडे पहिल्याच पावसात खाचांपाशी आणि रिव्हेटपाशी गंजतं. आधी किरकिरतं, मग एका बाजूने लंगडतं. शिलाई मशीनचं तेल घालून काही दिवस निभतं. शिवाय पावसाळ्यात लादीला पाणी सुटतं तेव्हा रबरी बूच असूनही ते पुढे सरकतं. सुताराकडून फणसाच्या लाकडाचं साधं खोकं करून घेणं जास्त चांगलं: माथा 30 बाय 20 सेंटिमीटर, उंची 12, आणि तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. ते गंजत नाही, लंगडत नाही.

ए-फ्रेमवर बसायला सर्वात सुख आहे. दोन्ही पाय जमिनीवर, पाठ सरळ, खांदे मोकळे. पायाचा वापर टाळण्याची ही धडपड तशी जुनीच आहे. स्पॅनिश गिटारवादक दियोनिसियो आग्वादो (1784–1849) यांनी गिटार धरून ठेवणारी तिपाई केली होती. ए-फ्रेमची अडचण एकच, सक्शन कप. कप बाहेरच्या हवेच्या दाबाने चिकटून राहतो, म्हणजे कडेने केसभर फट पडली की काम संपलं. चकचकीत पॉलियुरेथेनवर तो छान बसतो, मॅट किंवा सॅटिन पॉलिशवर नाही. किनाऱ्यावर हाताचा घाम, बाजूवरची दमट चिकट धूळ आणि उकाड्याने मऊ पडलेलं रबर हे तिन्ही एकदम येतात. वाजवता वाजवता कपाची एक कड पांढुरकी दिसू लागते, ती हळूहळू आत सरकते, आणि ‘टप्’ असा आवाज होऊन गिटार मांडीवर आदळते.

उपाय आहे, पण रोज करावा लागतो. कप कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून धुवा आणि पूर्ण वाळवा. गिटारची बाजू कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, तिथे वॅक्स कधीच लावू नका. कप मधून कडेकडे दाबत बसवा, मग गादीवर धरून दोन-तीन मिनिटं वजन तोलून पाहा. काढताना कडेची जीभ उचला, ओढू नका. रात्रभर चिकटलेला ठेवलात तर गोल डाग पडतो. फ्रेंच पॉलिशच्या, म्हणजे शेलॅक (लाखेचं पॉलिश) लावलेल्या गिटारला सक्शन कप लावूच नका. खाली अडकलेल्या ओलाव्याने शेलॅक पांढरं पडतं आणि काढताना थर निघू शकतो. पॉलियुरेथेनवर काचेला लावतात ती बिनगोंदाची पारदर्शक फिल्म मध्ये घातली तर पकड वाढते. शेलॅक आणि नायट्रोसेल्युलोज लॅकरवर मात्र ती फिल्मही ठेवू नये, विनाइल त्यांना मऊ करतं.

रोजच्या वापरासाठी मी उशीच निवडेन. ती मांडीच्या आणि गिटारच्या वजनाने जागेवर बसते, म्हणून दमटपणाने तिची पकड सुटत नाही. मात्र ती घट्टच हवी. मऊ फोम पावसाळा संपेपर्यंत बसतो, उंची दीड-दोन सेंटिमीटरने घटते आणि मान नकळत खाली येते. गादीवाल्याकडून रबराइज्ड काथ्याचा ठोकळा कापून घ्या: लांबी 28, रुंदी 12, गिटारच्या मानेकडे उंची 13 आणि दुसऱ्या टोकाला 9 सेंटिमीटर. खालून मांडीसाठी आणि वरून गिटारच्या कमरेसाठी, म्हणजे बाजूच्या आत वळलेल्या भागासाठी, उथळ खोलगट भाग ठेवायला सांगा. वरची बाजू जाड सुती फ्लॅनेलची, खालची कॅनव्हासची, आणि कव्हरला चेन हवीच, कारण श्रावणात बुरशी धरते आणि ते धुवावं लागतं. चामड्याचं कव्हर घेऊ नका, तेच आधी हिरवं पडतं. ठोकळा उघडीप मिळाली की वाऱ्यावर ठेवा. घसरू नये म्हणून जाळीदार रबरी मॅट लावायची तर ती फक्त मांडीच्या बाजूला, गिटारला तिचा स्पर्श नको.

उंची ठरवताना फूटस्टूलचा आकडा जसाच्या तसा उशीला लावू नका. मांडी खुब्यापाशी वळते, म्हणून गुडघा 14 सेंटिमीटर वर गेला तरी गिटार टेकते ती जागा त्याहून कमी उचलली जाते. आधी टॉवेलच्या घट्ट घड्यांवर गिटार ठेवून वरची तपासणी करा, मग दाबलेल्या घड्यांची उंची मोजून ठोकळा कापायला द्या. उंच माणसाला फक्त उशी पुरत नसेल तर उशी आणि 6–7 सेंटिमीटरचा पाट एकत्र वापरावा. त्याने पाय फार उचलावा लागत नाही.

चिमट्याने किंवा चुंबकाने धरणारे आधारही मिळतात. चुंबकासाठी पट्टी गिटारच्या आतून बसवावी लागते, ते काम कारागिराकडूनच करून घ्या. चिमट्याचं पॅड कडेवर टेकलं पाहिजे. बाजूचं लाकूड जेमतेम दोन मिलिमीटर असतं, मधोमध दाब आला तर तडा जाऊ शकतो.

धातूचा कुठलाही आधार हाती आला की त्याच्या स्क्रूंना चुंबक लावून पाहा. जोरात चिकटला तर वरचा चकाकता थर बहुधा नुसता मुलामा आहे, आणि आपल्या खाऱ्या हवेत तो फार टिकत नाही. बंदरावर बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात 316 ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू मागा. 304 सुद्धा चालतो, पण त्यावर तांबूस डाग लवकर येतात. जुना स्क्रू बरोबर न्या म्हणजे आटे जुळतील.