रोझेशियाच्या चेहऱ्याला भिवापूरच्या उन्हात काय मानवलं, काय नाही

आमच्या भिवापूरकडं तोंड लाल झालं की पहिला आळ मिरचीवर. बायका मिरचीची देठं खुडून घरी येतात तेव्हा हातातोंडाची आग होतेच, त्यामुळं माझे गाल बारा महिने का तापलेले असतात हे कोणी विचारलंच नाही. नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी नाकाशेजारच्या पुळ्या भिंगातून पाहिल्या. त्यांत ब्लॅकहेड एकही नव्हता. म्हणाल्या, हे मुरूम नाहीत, रोझेशिया आहे, म्हणजे चेहरा लाल करणारा, पुळ्या आणणारा कातडीचा जुनाट आजार. सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून आपल्याकडं निदान मागं पडतं. आग होणं, चुणचुणणं, चेहरा एकदम गरम होणं याकडं लक्ष द्यायचं.

पहिलं औषध मेट्रोनिडॅझोल ०.७५ टक्के जेल. गरीब औषध आहे. ना झोंबतं, ना सोलतं, पण कामही आपल्या सवडीनं करतं. पुळ्या बसल्या, गालाची आग मात्र होती तशीच राहिली. मग अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड १५ टक्के. हे सुरुवातीला चांगलंच चावतं. तोंड धुतल्या धुतल्या लावलं तर डोळ्यांत पाणी येतं. चेहरा पूर्ण कोरडा होऊ दिला, वाटाण्याएवढंच घेतलं, पहिले काही दिवस एकाआड एक रात्री लावलं, तेव्हा जमलं. पुळीमागं राहणारे काळे डाग यानं फिके पडतात, आपल्या रंगाला हा मोठा फायदा. दोन्हींत मी यालाच वरचा नंबर देईन.

आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीमचंही नाव निघालं होतं. चेहऱ्यावरच्या डेमोडेक्स नावाच्या बारीक किड्यांवर ते चालतं. घरच्यांना हे नाव गोठ्यामुळं पाठ! पण गुरांचं इंजेक्शन वेगळं, ते तोंडाला लावायचं नाही, हे सासूबाईंना दोनदा सांगावं लागलं. सध्या गरज नाही म्हणून घेतलं नाही. ब्रिमोनिडिनचं जेल काही तास लाली दाबतं, पण उतरल्यावर कधीकधी आधीपेक्षा जास्त उसळते, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

सनस्क्रीनवर मात्र पैसे खर्च करा. झिंक ऑक्साईडवालं, एसपीएफ ३० च्या वरचं, बिनवासाचं. साधं घेतलं तर गिरणीतून आल्यासारखं पांढरं तोंड दिसतं. आयर्न ऑक्साईड घातलेलं टिंटेड घेतलं तर रंगात मिसळतं. वर सुती दुपट्टा हवाच. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ट्यूब पातळ होते, म्हणून मी ती माठाच्या तिवईखाली ठेवते. तिथं बऱ्यापैकी थंड राहते.

फेसवॉश साधा, फेस न होणारा. हळद-लिंबू, तुरटी, मुलतानी माती, स्क्रब सगळं बंद. वाफ घेणंही बंद; पार्लरवाल्या ताईला हे पटत नाही, तो तिचा प्रश्न. आणि ती 'गोरं करणारी' ट्यूब! गावात ती मागितली की मिळते. त्यात स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा तुकतुकीत, सोडली की दुप्पट लाल, आणि कातडी पातळ होते ती वेगळीच. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारनं २०१८ साली अधिसूचना काढली, तरी नणंदेनं मला आणून दिलीच. घेतली, आभार मानले, पाकिटातला कागद वाचून दाखवला आणि उकिरड्यावर टाकली.

क्रीमइतकाच फरक चुलीनं पडला. भाकरी थापायला मी आता जरा लांब बसते, भाजायचं काम जाऊबाईंकडं. चहा कोमट पिते. सावजी रस्सा सोडला नाही, पण त्या दिवशी उन्हात जात नाही. दोन्ही एकत्र झालं की संध्याकाळपर्यंत गाल धगधगतात. तुमचं वेगळं असू शकतं, म्हणून काय खाल्लं, कुठं गेलो याची वहीत नोंद ठेवा.

गालावरच्या बारीक लाल शिरा मलमानं जात नाहीत, त्याला लेझर लागतो. सावळ्या कातडीवर तो जपून करावा लागतो, डाग पडू शकतात. मी अजून केलेला नाही. डोळे लाल होऊन खुपत असतील तर मात्र आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा, रोझेशिया डोळ्यांतही उतरतो.